पुढच्या जागेचा मोह

मनुष्याने विश्रांती घ्यावी की न घ्यावी, हा आमचा आजचा प्रश्न नव्हे. ज्याने सहा दिवस श्रमासाठी दिले त्यानेच सातवा विसाव्यासाठी राखून ठेविला आहे. वसमतच्या शिवारात हळद खणून, शिजवून व वाळवून ज्यांचे हात पिवळे होतात, त्यांना विश्रांतीचे मोल दुसऱ्याने शिकविण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. विसाव्याच्या ठिकाणी गेल्यावरही मनुष्य दुसऱ्याच्या पुढे बसावयास का झटतो, आणि तसे बसावयास मिळाले असता त्यास जे सुख होते ते कोणत्या प्रकारचे, याचा विचार वाचकांपुढे मांडावा, असा आमचा हेतू आहे.

हा विचार सुचण्यास कारण असे घडले. आमच्या हिंगोली जिल्ह्यापासून समुद्र फार दूर. कयाधूचा पूर आणि सिद्धेश्वर धरणाचा जलाशय यांहून मोठे पाणी आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नाही. गेल्या हिवाळ्यात शहरी नोकरीस असलेल्या आमच्या एका आप्ताने आम्हांस व आमच्या कुटुंबास गोव्याच्या किनाऱ्यावरील एका मोठ्या रिसॉर्टात चार दिवस नेले. तेथील रीत अशी की, खोली, तिन्ही वेळचे जेवण, चहा, सरबत, खेळ व करमणूक या सर्वांचे पैसे एकदाच भरावयाचे. मग पदोपदी खिशात हात घालावयास नको. या रीतीत काहीच चांगले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. बापाच्या घरी लेकरू भाकरी मोजून खात नाही व मोजून पाणी पीत नाही. त्या बेहिशेबी सुखाची थोडीशी चव तेथे प्रौढ मनुष्यास पुन्हा मिळते. अर्धी खाऊन टाकलेली ताटे पाहून आमचा जीव हळहळला, हे खरे. पण तो दोष रीतीचा नव्हे, खाणाराचा.

ही रीत प्रसिद्धीस आली तिचा इतिहासही मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1950 साली, जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने स्पेन देशाच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे समुद्रकाठी तंबू ठोकून सुटीचे एक गाव वसविले व त्या संस्थेस ‘क्लब मेड’ असे नाव दिले. सर्वांनी एकाच मेजाभोवती बसावे, अनोळख्याने अनोळख्याशी बोलावे, हा त्या गावाचा परिपाठ. पुढे तेथे पेयांसाठी नाण्यांच्या ऐवजी गळ्यातील मणी देण्याची चाल पडली. पोहण्याच्या कपड्यांत कारकून कोण व कारखानदार कोण, हे ओळखू येऊ नये, ही त्यातली गंमत होती. परंतु मनुष्याचा स्वभाव त्या वाळूवरही त्याच्या मागोमाग आला. तंबू जाऊन महाल आले, आणि आज त्या संस्थेच्या काही ठिकाणी अधिक पैसे देणाऱ्यांसाठी निराळे विभाग आहेत.

आपल्या देशातही 1996 साली महिंद्र कंपनीने सुटीच्या घरांची सभासदी सुरू केली. गोव्यात वार्का येथे तिचे एक स्थळ आहे. पंचवीस वर्षांची सभासदी, दर वर्षाची निराळी फी, आणि जांभळा, तांबडा, पांढरा व निळा असे हंगामांचे चार रंग, अशी तिची रचना प्रसिद्ध आहे. आम्ही गेलो ते ठिकाण याहून निराळे. पण तेथेही सभासदांच्या पायऱ्या होत्याच. सामान्य पाहुण्याच्या मनगटास निळा पट्टा आणि वरच्या सभासदाच्या मनगटास सोनेरी. आमचे आप्त वरचे सभासद, म्हणून आमच्याही हातास सोनेरी पट्टा बांधिला गेला.

पहिल्या सकाळी न्याहारीच्या दालनाशी मोठी रांग होती. तेथील चाकराने आमचा पट्टा पाहिला, दोर सोडला व आम्हांस आत घेतले. रांगेत आमच्याच वयाचे एक धोतर नेसलेले गृहस्थ नातवाचा हात धरून उभे होते. मुलाने विचारिले, “आजोबा, हे आपल्या मागून आले ना? मग आधी कसे गेले?” आजोबा म्हणाले, “ती मोठी माणसे आहेत, बाळा.” वाचकहो, खरे सांगावयाचे तर ते शब्द आमच्या कानास गोड लागले.

तिसऱ्या दिवशी काही घोटाळा होऊन सोनेरी पट्ट्यांची वाट बंद होती. आम्हांस दहा मिनिटे रांगेत उभे राहावे लागले, आणि तेवढ्यात आमच्या मनात राग उत्पन्न झाला. गावी एस. टी. ची वाट पाहत आम्ही फाट्यावर तास तास बसतो. तेव्हा आमचा कोणी अपमान केला, असे कधी वाटत नाही. मग दोनच दिवसांत या दहा मिनिटांनी आमचे काय हिरावून नेले? न्याहारी तीच होती, समुद्र तोच होता. गेले ते एवढेच की, आमच्या मागे कोणी उरले नव्हते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

कोणी म्हणेल, “ज्याने अधिक दाम दिले त्यास अधिक मिळाले, यात अन्याय कोणता?” या आक्षेपात तथ्य आहे. मोठी खोली बांधावयास विटा अधिक लागतात. तिचे भाडे अधिक असावे, हे रास्तच आहे. पण रांगेतील पुढची जागा कोणी बांधीत नाही. ती कोणाच्या तरी पायाखालून काढून घेतल्यावाचून दुसऱ्यास देता येत नाही. तेथे समुद्राकाठी सोनेरी पट्टेवाल्यांसाठी राखलेल्या खुर्च्या दुपारभर रिकाम्या असत आणि त्यांच्या मागे बायाबापड्या सावली शोधीत फिरत. रिकाम्या खुर्चीपासून बसणारास सुख कोणते? कोणी बसलेच नव्हते. ते सुख फक्त दुसऱ्यास बसता येत नाही, याचे होते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील पहिले मजूर हेच दाखवितात. त्यांची मजुरी एका कवडीने कमी झाली नव्हती. शेवटी आलेल्यांस आपल्याबरोबरीचे केले, याचेच त्यांस दुःख झाले.

आमच्या जिल्ह्यास ही गोष्ट नवी नाही. औंढा नागनाथ येथे नामदेव कीर्तन करीत असता त्यांस देवळाच्या मागे जावयास सांगितले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, ही आख्यायिका नरसीपासून कळमनुरीपर्यंत लहान मुलांसही ठाऊक आहे. तिच्या खरेखोटेपणाचा वाद आम्ही येथे करीत नाही. ज्यांनी ती शतकानुशतके सांगितली त्यांस पुढच्या जागेविषयी काय वाटत होते, एवढे तिच्यावरून कळते.

परंतु गोव्यातील दोर व पुरातन देवळाचे पुजारी यांजवर बोट ठेवून आम्हांस सुटता येत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी पंक्तिभेदाचे दुःख सोसले आणि एका ताटाची, एका प्याल्याची मंडळी पाहून ते तिच्यात आले. आता आमचे प्रीतिभोजन कसे होते ते पाहा. पहिल्या पंगतीस पाळकसाहेब, उपदेशक, शिक्षक व शहराहून आलेले पाहुणे बसतात. मग शेतवाले. ऊसतोडीवरून परत आलेली माणसे, विधवा व त्यांची लेकरे शेवटच्या पंगतीस. आणि तोवर वरणात दोनदा पाणी पडलेले असते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आम्ही व्यासपीठावरून वाचितो. सोन्याच्या अंगठीवाल्याचा धिक्कार करितो, आणि उपासना संपताच सतरंजीचा पुढचा कोपरा आपल्यासाठी झाडून घेतो.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे पहिल्या पंगतीस जेवलो. शेवटच्या पंगतीचे वरण कसे लागते, हे आम्हांस ठाऊक नव्हते व विचारण्याचे कधी सुचलेही नाही. तो आजोबा ज्यांस मोठी माणसे म्हणाला, ती अशी होती.

यास्तव येत्या कापणीच्या सणास आमच्या मंडळीत असे ठरविले आहे की, जे दर वर्षी आधी बसत ते या वर्षी वाढतील आणि सर्वांचे झाल्यावर जेवतील. यात मोठे पुण्य आहे, असे आम्ही समजत नाही. वरण पुरले नाही तर अधिक शिजवावे लागेल, हे मात्र त्या दिवशी आम्हांस कोणी न सांगता कळेल.