नव्या कारभाऱ्याचे माप

आपल्या भाषेत दोन म्हणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या आहेत. एक सांगते, नव्याचे नऊ दिवस. दुसरी सांगते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. नवा राज्यकर्ता गादीवर आला की आपण या दोहोंपैकी सोयीची ती उचलतो. माणूस आपल्या आवडीचा असला तर त्याच्या पहिल्या चुका नव्याच्या नऊ दिवसांत जमा होतात. नावडता असला तर त्याच चुकांत आपल्याला पाळण्यातले पाय दिसू लागतात. हा पक्षपात आम्हांलाही चुकला नाही. किंबहुना तो आमच्या हातून लेखी झाला, आणि ते कागद आजही आमच्यापाशी आहेत.

आमचा कल जुन्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्याकडे म्हणजे जीर्णाकडे नव्हे. वहिवाट, नियम, दप्तर, अधिकाराची पायरी या गोष्टी कोणा एकाच्या बुद्धीतून निघालेल्या नसतात. अनेकांनी खाल्लेल्या ठेचांतून त्या घडलेल्या असतात, म्हणून त्या मोडणाऱ्याने आधी आपले कारण सांगावे, एवढेच आमचे म्हणणे. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाची वृत्ती बहुधा अशीच बनते. टिपणी लिहिताना जुना दाखला हाताशी असल्याशिवाय त्याची लेखणी पुढे सरकत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखा पुरुष सुधारणेची वाटदेखील जुन्या मुळांतूनच काढू पाहत असे. त्या परंपरेत आपणही कोठेतरी बसतो, असा आमचा गोड समज होता.

१ नोव्हेंबर ही तारीख रायपूरच्या मराठी माणसाच्या दारी दोनदा आली. १९५६ साली ती आली तेव्हा नागपूर राजधानी असलेले जुने मध्यप्रदेश मोडले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर-बिलासपूर भोपाळच्या कारभारात गेले. तात्यापाऱ्यातली मराठी घरे जागच्या जागी राहिली, राजधानी मात्र त्यांच्या पायाखालून निघून गेली. त्या नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल रायपूरचेच. ते ३१ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, निवर्तले. परंतु १९४६ पासून जुन्या प्रांताची सूत्रे त्यांच्याच हाती होती, म्हणून त्यांना नवे मानून त्यांचे माप काढण्याचे कोणाच्या मनातही आले नसावे. दुसऱ्यांदा हीच तारीख आली ती २००० साली. छत्तीसगढ वेगळे झाले आणि अजित जोगी पहिले मुख्यमंत्री झाले. हे मात्र खरे नवे होते.

नवे, आणि तरी आपल्याच पंक्तीतून उठलेले. जोगी भारतीय प्रशासन सेवेतले. रायपूरचे जिल्हाधिकारी होते, इंदूरचेही होते. १९८६ मध्ये नोकरी सोडून ते राजकारणात शिरले. मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. निवड दिल्लीहून झाली, आणि विद्याचरण शुक्ल यांच्यासारखे मातब्बर बाजूला राहिले. पुढे मरवाहीची जागा विरोधी पक्षाच्याच आमदाराने रिकामी करून दिली आणि २००१ च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत आले. आम्ही त्याच नोव्हेंबरात एक वही घातली. दोन रकाने आखले: एकावर लिहिले ‘राखले’, दुसऱ्यावर ‘मोडले’. शंभर दिवसांनी बेरीज करायची होती.

शंभर दिवस कशासाठी, याचाही विचार आम्ही तेव्हा केला नाही. अमेरिकेत १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी आपल्या आरंभीच्या कायद्यांच्या धडाक्याला हे नाव दिले आणि तेव्हापासून जगभर हे माप चालले. त्याआधी ते शब्द नेपोलियनच्या १८१५ मधील पुनरागमनाला लावीत, आणि ते शंभर दिवस वॉटर्लूने संपले. पराभवाचे माप यशाला लावण्याची ही तऱ्हा वृत्तपत्रांनाच सुचावी. असो.

वही आता पुन्हा वाचताना शरम वाटते ती चुकांची नाही. टीपा पुष्कळशा खऱ्या आहेत. शरम वाटते ती कशाची टीप केली आणि कशाची केली नाही याची. पहिल्या पानांत शपथविधीतील गोंधळ आहे. रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत मंत्रालय थाटले याबद्दल नाक मुरडले आहे. विधानसभेचे पहिले अधिवेशन राजकुमार कॉलेजात भरले याचा उपहास आहे. जणू नव्या राज्याला घडीव दगडांचे सभागृह आकाशातून मिळणार होते! मुख्यमंत्र्यांच्या जन्माबद्दल, जातीच्या दाखल्याबद्दल तर दोन पाने भरली आहेत. तो वाद न्यायालयांपुढे पुढे कितीतरी वर्षे चालला. आम्ही मात्र त्याचा निकाल संध्याकाळच्या बैठकीत, चहा निवण्याच्या आत, लावून मोकळे झालो होतो.

आणि त्याच हिवाळ्यात छत्तीसगढात दुष्काळ होता. भाताचे कोठार म्हणवणाऱ्या मुलखात खरीप बुडाले होते आणि माणसे कुटुंबासह कामासाठी बाहेर पडत होती. नव्या सरकारने शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात लहान तळी खोदण्याचे काम काढले. लोक त्यांना जोगी डबरी म्हणू लागले. सहकारी समित्यांमार्फत आधारभूत किमतीने धान घेण्याची व्यवस्था उभी राहू लागली. या राज्यात पुढे जो कोणी सत्तेवर आला तो याच व्यवस्थेच्या पायावर उभा राहिला. आमच्या वहीत डबरीबद्दल एक ओळ आहे, तीही ‘नावाचा सोस’ एवढीच. तळे खणणे हे तर या भूमीतले सर्वांत जुने पुण्यकर्म! रतनपूर काय, रायपूर काय, जुनी गावे येथे तळ्यांच्या काठीच वसली. जुन्याचा अभिमान सांगणाऱ्या आम्हांला ते ‘राखले’ या रकान्यात घालावेसे वाटले नाही.

बाल्कोच्या प्रकरणात तर आमचा रकानाच हुकला. २००१ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने कोरब्याच्या या ॲल्युमिनियम कंपनीतले ५१ टक्के भाग ५५१.५० कोटी रुपयांना खाजगी उद्योगाला विकले. कामगारांनी ६७ दिवस संप केला आणि मुख्यमंत्री उघडपणे विक्रीच्या विरुद्ध उभे राहिले. आम्ही लिहिले, ‘केंद्राशी उद्धटपणा; मोडले.’ केंद्रात आमच्या पसंतीचे सरकार होते, हे त्या ओळीचे खरे कारण. राज्याचा एक मुद्दा असा होता की आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासी खाजगी हाती जाऊ नये. त्याला १९९७ च्या समता निकालाचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये विक्री वैध ठरवली आणि तो वाद संपला. पण न्यायालयात कोण हरले हा प्रश्न वेगळा, आणि त्या घटकेला जुनी मर्यादा कोण सांगत होता हा वेगळा. जमिनीवरचा जुना हक्क राखा असे म्हणणारा तो, आणि बाजारभावाचा हिशेब मांडणारे आम्ही! सनातनी कोण आणि नवमतवादी कोण?

याचा अर्थ त्या कारभारात दोष नव्हते असा नव्हे. डिसेंबर २००१ मध्ये विरोधी पक्षाचे १२ आमदार फुटून वेगळे झाले आणि सत्ताधारी पक्षात विलीन झाले. पक्षांतराच्या तेव्हाच्या कायद्यात एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट क्षम्य होती, आणि संख्या बरोबर भरली होती. पुढे २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बुजवली. २००२ च्या खाजगी विद्यापीठांच्या कायद्याखाली शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर जन्मली, त्यांतली कित्येक भाड्याच्या खोल्यांत. फेब्रुवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमे रद्द केली. या दोन्ही गोष्टी ‘मोडले’ याच रकान्यातल्या आहेत, आणि त्यांबद्दल आम्ही लिहिलेल्या ओळींतला एक शब्दही आज मागे घ्यावासा वाटत नाही. पाळण्यातले पाय खरोखरच दिसले होते.

या ठिकाणी आपल्याच इतिहासाची एक आठवण येते. मराठी माणूसही या भूमीत कधी काळी नवा राज्यकर्ता होता. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरात राहिले. रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचे. त्यांच्यामागे सुभेदारांचा काळ आला. धनी नागपुरात, सुभेदार येथे, आणि नजर वसुलीवर. बिंबाजींचे नाव येथे आजही आदराने घेतात. सुभेदारांची नावे स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांत उरली. प्रजा येणाऱ्याचे मूळ फार काळ उगाळीत बसत नाही. तो आपल्यात राहतो की आपल्यावर राहतो, हे ती पाहते. जोगी सभेत छत्तीसगढीत बोलत तेव्हा खेड्यातला माणूस जे ऐकत होता, ते तात्यापाऱ्याच्या ओट्यावर आम्हांला ऐकू येत नव्हते. परमुलखात बदलून गेलेल्या अधिकाऱ्याने हे विशेष ध्यानात घ्यावे असे आम्हांला वाटते. आपणही कोणाच्या तरी मोजमापात आहोतच.

वहीचा खरा दोष मात्र याहून मोठा आहे. डिसेंबर २००३ मध्ये जोगी निवडणूक हरले आणि डॉ. रमणसिंह मुख्यमंत्री झाले. आमच्या मनासारखे झाले. वही मिटली. पुढच्या राज्यकर्त्यासाठी आम्ही रकाने आखलेच नाहीत. आपला तो बाब्या! २००५ मध्ये बस्तरात सलवा जुडूम सुरू झाले. ज्याने ते उभे केले तो नेता काँग्रेसचा आणि ज्यांनी पाठीशी घातले ते सरकार भारतीय जनता पक्षाचे, त्यामुळे कोणत्याही पक्षाला बोट दाखवायला जागा नव्हती. नक्षलवाद्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, यात आम्हांला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. परंतु अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना महिन्याच्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून त्यांच्या हाती बंदुका द्यायच्या, हे जुन्या वळणाच्या माणसाने कसे सोसले? शस्त्र शासनाचे असते, ते शिस्तीत शिकलेल्या आणि जबाब देणाऱ्या हातातच असते, हा आमच्या पंथाचा पहिला धडा. तो मोडला जात असताना आम्हांला लेखणी सापडली नाही. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकाल आम्ही वर्तमानपत्रात वाचला आणि म्हणालो, बरे झाले. सहा वर्षांत किती गावे ओस पडली होती!

नोकरीत असताना तोंड बांधलेले असते, हे आम्ही जाणतो. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी केंद्र सरकारच्या सेवकाला शासनावर जाहीर टीका करण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण वही जाहीर नव्हती. तिला कोणत्या नियमाने मनाई केली होती? आणि जो खाजगी वहीतही एकाच बाजूचे लिहितो तो टिपणीत दोन्ही बाजू लिहील, यावर वरिष्ठाने का विश्वास ठेवावा?

डिसेंबर २०१८ मध्ये भूपेश बघेल मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा निर्णय झाला, धानाला क्विंटलमागे २,५०० रुपये ठरले, आणि आम्ही धूळ झाडून वही बाहेर काढली. लिहिले, ‘खजिना ही वडिलार्जित ठेव आहे, उधळपट्टीला नाही, मोडले.’ वाक्य आम्हांला त्या वेळी फार आवडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये विष्णुदेव साय आले. आमच्या पसंतीच्या पक्षाचे, आदिवासी समाजातले, गावचे सरपंचपद पाहिलेले गृहस्थ. धानाचा भाव ३,१०० रुपये झाला, एकरी २१ क्विंटलपर्यंत, आणि विवाहित स्त्रियांना महिन्याला १,००० रुपये देण्याची योजना २०२४ च्या मार्चपासून सुरू झाली. या वेळी वही टेबलावरच होती. लेखणी बराच वेळ कागदावर टेकली नाही. घरच्या मंडळींनी विचारले, काय चालले आहे? आम्ही पाने मागे उलटून २०१८ ची ती ओळ काढली आणि तीच, एक अक्षर न बदलता, नव्या तारखेखाली उतरवली. भावाचा आकडा तेवढा बदलावा लागला. मग आणखी मागे गेलो, २००० च्या हिवाळ्यापाशी, आणि डबरीची ओळ खोडून ती पहिल्या रकान्यात घातली.