टर्बो फडक्यात बांधून आणलास?

आत ये. चपला बाहेर. ते फडकं टेबलावर नको, खाली पेपर अंथर आणि त्यावर सोड.

हं. ‘सर, याचा आवाज येऊन राहिला’ म्हणे! आवाज कधीचाच येत असेल, तुझ्या गाण्यांच्या दणक्यात तुला तो ऐकू आला नसेल. बोट घाल इथं, दांडा हलव. आडवा किंचित हलतो ते चालतं, चालताना तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. आता मागं-पुढं ढकल. खटखटला ना? तो प्ले नको होता. पाती बघ, भिंतीला घासून टोकं चकाकताहेत आणि पुढच्या कडा उंदरानं कुरतडल्यागत झाल्यात.

उंदीर तूच. एअर क्लीनरचा डबा फेकून उघडं जाळीचं फिल्टर कुणी लावलं? पिकअपसाठी! तेही रोहण्यात, जिथं कापूस निघाला की काळ्या मातीचा फुफाटा दाराच्या फटीतून पोळीवर येऊन बसतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी पाती ही. त्यांना ती माती म्हणजे पॉलिश पेपर.

वेस्टगेटची दांडी दोन आटे आवळलीस, खरं की नाही? मान हलवू नको, तोंडानं सांग. बूस्ट किती झाला? गेज लावला होतास? नाही. वरून डिझेलच्या रेलच्या सेन्सरवर ती पॉवर वाढवायची डबी बसवलीस. ती डबी कम्प्युटरला खोटं सांगते की रेलमध्ये दाब कमी आहे. तो बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं, आणि तू आरशात काळा धूर पाहून खूश. अरे, तो धूर म्हणजे ताकद नव्हे, न जळलेलं डिझेल आहे. तुझ्या बापाच्या पैशाचं.

हे इंजिन तुला ठाऊक तरी आहे का? १२४८ सीसी, चार सिलिंडर, ७५ अश्वशक्ती, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनलेलं. तुझी व्हिस्टा जुनी असेल, पण इंजिन देखणं आहे. याच इंजिनातून ९० अश्वशक्ती काढायची वेळ आली तेव्हा कंपनीनं दांडी आवळली नाही. टर्बोच बदलला, आतल्या झडपा गतीप्रमाणे कोन बदलतील असा दुसरा घेतला आणि हिशेब नव्यानं मांडला. पंधरा घोड्यांसाठी एवढा खटाटोप! आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस माणसानं १९०५ साली धुराच्या जोरावर हवा दाबण्याचं पेटंट घेतलं. ते धड जमायला १९२५ उजाडलं. वीस वर्षं, बाप्पा! तुला एक रविवार पुरला.

आणि उष्णतेचं काय? वर्गात फळ्यावर हेच चाललं होतं तेव्हा तू खिडकीतून शेळ्या मोजत होतास. मे महिन्यातली आपली ४५ अंशांची हवा दुप्पट दाबली की ती सव्वाशेच्या वर तापते. तापलेली हवा विरळ, विरळ हवेत ऑक्सिजन कमी, आणि त्यात तू डिझेल वाढवलेलं. ती आच सोसायची कुणी? पिस्टननं, हेड गॅस्केटनं आणि या बेअरिंगनं. पुलगावहून दामटत यायचं, दारात ब्रेक मारला की लगेच चावी काढायची. टर्बो लाल, तेलाचा पुरवठा बंद, जे तेल आत राहिलं त्याचा कोळसा. हे भोक बघ. काडी घाल. जात नाही ना?

आरटीओनं धरलं तर बेकायदा फेरफारासाठी प्रत्येकी पाच हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेचं कलम आहे. विम्याचं तर विचारूच नको.

पॉवर वाढवू नको असं मी म्हणतोय का? मला तोंड वर करून विचारलं असतंस तर हौसेनं शिकवलं असतं. पहिला आठवडा एकही नट वाढवायचा नाही, नुसतं मोजायचं. चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, तेलाचा दाब, रिकाम्या रस्त्यावरचा बूस्ट, नोझलचं परतीचं डिझेल. आहे का एक तरी आकडा तुझ्याकडे? काहून नाही? तेरा हजारांची डबी आणता येते, चाळीस रुपयांची वही आणता येत नाही?

आता काय म्हणालास? नागपूरच्या भंगारातून दुसरा टर्बो बोलावलाय? परवा येईल? येऊ दे. लावशील, पंधरा दिवसांत तोही याच फडक्यात बांधून आणशील, कारण तेलाची नळी तीच, चोंदलेली. सम्पमधली चाळणी तीच. ती कोण उघडणार, तुझा आजा?

डबी काढून माझ्याकडे दे. दांडी मूळ खुणेवर आण. खूण केली नसशीलच म्हणा. बारा नंबरचा पाना आण आणि जुनं डबडं घे, सम्प आत्ता उतरवायचाय. पँट खराब होईल, होऊ दे.