ते झाड लावलं कुणी?

जांभळाचं झाड आणि सहा भुकेली माणसं, हा लेश्यांचा दृष्टान्त आपल्याकडे पाठशाळेतल्या पोरालाही पाठ असतो. कृष्ण लेश्येचा झाड मुळापासून तोडायला निघतो, शुक्ल लेश्येचा खाली पडलेली जांभळं वेचून खातो. मला त्यात नेहमी एक माणूस कमी वाटतो. ते झाड लावलं कुणी?

पैनगंगेच्या दक्षिणेला, आदिलाबादकडे हा प्रश्न जास्तच टोचतो. मुलूख कापसाचा. उतारावरची माती दर पावसात वाहून जाते, खालचा मुरूम उघडा पडतो, तरी तिथे पुन्हा सरकीच टोबली जाते. आपण सहज म्हणून जातो, या लोकांना झाडं लावायला काय होतं? २०१५ मध्ये तेलंगण सरकारने हरितहारम सुरू केलं, रोपं वाटली. पण रोप फुकट मिळालं तरी थांबणं फुकट नसतं. कलमी आंबासुद्धा नीट फळायला चार-पाच वर्षं घेतो. सागाचं तर बोलूच नका. कापूस त्याच वर्षी पैसा देतो, आणि दुकानदाराची उधारी त्याच वर्षी दारात उभी राहते.

मक्त्याने शेत करणारा तर झाडाचा विचारही करत नाही. पुढच्या साली शेत त्याच्याकडे असेलच असं नाही. मालकालाही धास्ती, की झाड वाढलं तर कसणाराही हक्क सांगेल. २०१८ साली रयतुबंधूचे हंगामाला एकरी ४,००० रुपये सुरू झाले, तेही पट्टा ज्याच्या नावावर त्यालाच. आणि बाई? एप्रिल-मे मध्ये रोपाला डोक्यावरून पाणी घालणारी बहुधा तीच, पासबुकावर नाव मात्र नवऱ्याचं.

जंगलालगतच्या पोडू जमिनीत तर झाडाचीच भीती. जून २०१९ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या सारसाला गावी, वनखात्याची वृक्षलागवड चालू असताना एका महिला वनाधिकाऱ्याला जमावाने लाठ्यांनी मारलं. त्या हिंसेला कुठलंही समर्थन नाही. पण कसणाऱ्याच्या डोळ्यांना ते रोप जमीन काढून घेणारी खूण दिसत होतं, हेही खरंच. हातातली जमीन जाणार असेल तर सावलीचं कौतुक कुणाला?

आपल्या शास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे सांगितलेत, त्यात वनकर्म आहे. कुऱ्हाडीचा धंदा आपण सोडला, दुकान आणि व्याज धरलं, आणि हात स्वच्छ राहिले असं मानलं. पण उधारी देणारा उभा कापूस पाहूनच देतो ना! दोन वर्षांच्या सीताफळावर कोण देतो? मग शेतात काय लागेल हे शेतकरी एकटाच ठरवत नाही, थोडं आपल्या वहीतही ठरतं. या वहीबद्दल प्रवचनात फारसं ऐकलेलं मला आठवत नाही.

चातुर्मासात आपण शंभर रोपं लावतो, फोटो काढतो. त्यातली उन्हाळ्यापर्यंत किती टिकतात? बकऱ्या काय सोडतात! त्यापेक्षा झिजलेल्या अर्ध्या एकरात झाडं लावणाऱ्या एका घराचं चार वर्षांचं व्याज सोडावं, कुंपण आणि पाणी आपण द्यावं, झाड मात्र त्याचं, आणि शक्य तर त्याच्या बायकोच्या नावानं. मंडळात हे मांडलं तर खजिनदार पहिलं हेच विचारतील, की खर्च जीवदया खात्यात घालायचा की साधारण खात्यात? झाड एकेंद्रिय जीवच की, मी सांगेन. व्याजाचं खातं कुठलं, ते त्यांनाच विचारेन.