दोरी नसलेला पतंग



आज चिंतनाला नामदेव महाराजांचं पतंगाचं पद घेतलंय. हे पद गुरु ग्रंथ साहिबात आहे, रामकली रागात, अंग ९७२ वर. ग्रंथ साहिबात महाराजांची ६१ पदं आहेत. महाराजांचं नर्सी हिंगोली जिल्ह्यातलं. आणि १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगजींनी ग्रंथालाच गुरुपद दिलं ते शेजारच्या नांदेडमध्ये. आपल्या मराठवाड्याची वाणी पंजाबात गेली आणि ग्रंथातून पुन्हा गोदावरीकाठी आली.

पदाचा भाव साधा आहे. मुलगा कागद आणतो, पतंग करतो, आकाशात सोडतो. सोबत्यांशी गप्पा चालू असतात, पण चित्त दोरीवर. पाणी भरून निघालेल्या मुली हसतात, बोलतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आई घरातलं-बाहेरचं सगळं काम उरकते, चित्त पाळण्यातल्या बाळावर. नामात मन असं गुंतलेलं असावं, असं महाराज त्रिलोचनांना सांगतात.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "दादा, दिवसाचे दहा तास लॅपटॉपसमोर जातात, मग नाम कधी घ्यायचं?" आपण आयटीवाले लगेच उपाय काढतो. कॅलेंडरमध्ये वेळ ठरवा, ॲप टाका, रिमाइंडर लावा. वाईट काही नाही त्यात. पण पदातली माणसं पुन्हा बघा. पाळण्यातल्या बाळाची आठवण राहावी म्हणून कोणती आई रिमाइंडर लावते? तिला आठवण ठेवावी लागत नाही, ती राहतेच. मग खरा प्रश्न असा की ही दोरी बांधली कशी जाते?

याचं उत्तर मला दिवाळीत नांदेडला ताईकडे सापडलं. माझा भाचा नववीत आहे. आम्ही दोघांनी मिळून रिमोटवर उडणारं छोटं विमान बनवलं. फोमच्या शीट कापल्या, पंखाला घडी घालून आकार दिला, आतून काडीचा आधार चिकटवला. शेपटीच्या झडपा हलवायला ९ ग्रॅमच्या दोन सर्वो मोटरी, पुढे पंखा फिरवणारी मोटर, पोटात लिपो बॅटरी. सगळ्यात जास्त वेळ तोल साधण्यात गेला. पंखाखाली दोन बोटं धरायची, पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर, आणि विमान सपाट राहीपर्यंत बॅटरी पुढे-मागे सरकवायची. भाच्याने हे किती वेळा केलं, मोजलं नाही.

नांदेडचं विमानतळ शहराला लागूनच. म्हणून आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघितला आणि विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, ओळखीच्यांच्या सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या रानात गेलो.

भाच्याकडे विकत आणलेलं एक तयार विमानही आहे. ते उडवताना तो मध्येच मोबाईल बघतो. पण स्वतः चिकटवलेलं विमान वर गेलं तेव्हा मी बोलत होतो, ताई हाक मारत होती, तो सगळ्यांना "हो, हो" म्हणत होता, आणि नजर एकदाही खाली आली नाही. रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन्ही विमानांना सारखाच. चित्ताची दोरी मात्र एकालाच होती, आणि ती त्या आठ दिवसांत त्याच्या हातांनी वळली गेली होती.

ज्यात हात राबतात, त्यात चित्त जातं. पदातला मुलगासुद्धा पतंग विकत घेत नाही. महाराज सुरुवातच कागद आणण्यापासून करतात!

आता कोणी म्हणेल, वारा सुटला की काय? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची हीच तक्रार आहे. मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे, असं तो ३४ व्या श्लोकात म्हणतो. त्याआधीच, २६ व्या श्लोकात, भगवंतांनी सांगून ठेवलंय की मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणा. विमान उडवणारा दुसरं काय करतो? वारा त्याच्या हातात नसतो. पंख कलला की थोडं सावरायचं, पुन्हा कलला की पुन्हा सावरायचं. कलणं म्हणजे अपयश नाही, उडण्याचा तो भागच आहे.

लातूरला आमची आई रोज सकाळी वाती वळते. कोणी आलं की बोलते, कुकरच्या शिट्ट्या मोजते, बोटं चालूच. दिवसभर तिच्या तोंडी जे नाम असतं ते मला त्या वातींतून आलेलं वाटतं.

म्हणून आज नामाची वेळ वाढवू नका. देवासाठी हातांनी करायचं एक छोटं काम घ्या. एक ओवी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहा, तुळशीला पाणी घाला, एखाद्या एकट्या आजोबांना डबा नेऊन द्या. पण ते स्वतः करा, ऑर्डर करू नका. आठ दिवस करून बघा, आणि मीटिंग चालू असताना मन आपोआप कुठे जातंय त्यावर लक्ष ठेवा.

राम कृष्ण हरी.