न्याय करण्याचा अधिकार

इतिहासांतील एखादी घोर घटना कादंबरीच्या रूपानें पुढें आली, म्हणजे आम्हां वाचकांच्या मनांत प्रथम एकच प्रश्न उभा राहतो : त्या माणसानें केलें तें योग्य कीं अयोग्य? प्रश्न नीतीचा आहे, आणि तो विचारूं नये असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु त्याचा निर्णय देण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न त्याच्या मागेंच उभा असतो. तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांनीं आपल्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीविषयीं बोलतांना हा दुसरा प्रश्न मोठ्या निर्भयपणें मांडला. त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

कादंबरीच्या मुळाशीं एक खरी हकीकत आहे. १८५६ च्या जानेवारींत मार्गारेट गार्नर नांवाची गुलाम स्त्री केंटकी राज्यांतून नवरा, चार मुलें व सासूसासरे यांच्यासह पळाली. ओहायो नदी त्या हिवाळ्यांत गोठली होती; बर्फावरून चालत तीं सर्व पलीकडे सिन्सिनाटी शहरीं आलीं. ओहायो राज्यांत गुलामगिरीस बंदी होती. परंतु पळालेल्या गुलामास तेथूनहि पकडून नेण्याची मुभा मध्यवर्ती सरकारच्या १८५० च्या कायद्यानें मालकास दिली होती. आसऱ्याच्या घरास लौकरच वेढा पडला. आतां सुटका नाहीं असें दिसतांच मार्गारेटनें आपल्या सुमारें दोन वर्षांच्या मुलीच्या गळ्यावर सुरी चालविली. पोर गुलामगिरींत परत जाण्यापेक्षां मेलेलें बरें, असा तिचा निश्चय होता.

यानंतर न्यायालयांत जें घडलें तें विलक्षण होतें. गुलामगिरीच्या विरोधकांनीं खटपट केली ती मार्गारेटला आरोपांतून सोडविण्याची नव्हे. तिच्यावर ओहायोंतच खुनाचा खटला चालावा, असा त्यांचा आग्रह होता. मालकपक्षाचें म्हणणें उलट होतें : ती आमची मालमत्ता आहे, ती आमच्या हवालीं करा. विचार करतां यांतील मर्म ध्यानांत येतें. खुनाचा आरोप माणसावरच ठेवतां येतो. घोड्याच्या लाथेनें पोर मेलें, तर घोड्यास आरोपी म्हणून कोणी उभें करीत नाहीं. ज्या आरोपाचा शेवट फांशींत होऊं शकतो, तोच या स्त्रीच्या मनुष्यत्वाचा पुरावा होऊन बसला, आणि तो पुरावाहि तिला नाकारण्यांत आला. मालमत्तेचा पक्ष जिंकला. तिला नदीपार नेऊन पुढें दक्षिणेकडे पाठविलें. वाटेंत आगबोटीच्या अपघातांत तिची तान्ही मुलगी बुडाली. आणि १८५८ सालीं गुलामगिरींतच विषमज्वरानें तिचा अंत झाला.

हा प्रसंग वर्गांत सांगितला म्हणजे विद्यार्थ्यांत बहुधा दोन तट पडतात, असा आमचा अनुभव आहे. कांहींस यांत मातृप्रेमाची पराकाष्ठा दिसते. कांहीं म्हणतात, मुलाचा जीव आईच्या मालकीचा नव्हे. मालकानें त्या पोरीस मालमत्ता मानलें, तसेंच तिच्या जीवाचा निकाल लावून आईनेंहि मानलें. हा दुसरा आक्षेप सहज झटकून टाकतां येण्यासारखा नाहीं. मॉरिसनबाईंनीं तो झटकलाहि नाहीं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, कीं तें कृत्य योग्यच होतें, मात्र तें करण्याचा तिला अधिकार नव्हता. आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्क जर कोणास असेल, तर तो त्या मेलेल्या मुलीस. म्हणूनच कादंबरींत ती मुलगी परत येते.

ही पळवाट आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कादंबरीकर्त्रीनें इतिहासांत जो मोठा बदल केला, तो पाहिला असतां हें स्पष्ट होईल. खरी मार्गारेट मालकाकडे परत गेली. कादंबरींतील सेथ तुरुंगांतून सुटते व पुढें स्वतंत्र राहते. वरवर पाहतां ही दया वाटेल. वस्तुतः हें स्वातंत्र्य म्हणजेच उत्तरदायित्व आहे. ज्या कृत्याचा जाब देण्याची संधि न्यायालयानें मार्गारेटला नाकारली, त्याचा जाब सेथला जन्मभर, आपल्याच घरांत, आपल्याच लेंकीस द्यावा लागतो. अपराध पुसला जात नाहीं. फक्त तिऱ्हाइताचा निवाडा तेथें चालत नाहीं.

मराठी वाचकास हा विषय परका वाटूं नये. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, आणि तेथील दास्याशेजारीं येथील शूद्रातिशूद्रांचें दास्य ठेवून दाखविलें. दलितांच्या वागण्याचा, त्यांच्या रागाचा, त्यांच्या भाषेचा निवाडा दुरून करण्याची संवय आम्हां पांढरपेशांस अजून आहे. ज्यांस आपण आधीं बरोबरीचें माणूस मानलें नाहीं, त्यांच्या नीतीचें माप घेण्यास आपण कोण, हा प्रश्न आम्ही स्वतःस क्वचितच विचारतों.

१९८८ सालीं या कादंबरीस मिळालेलें एक पारितोषिक स्वीकारतांना मॉरिसनबाई म्हणाल्या होत्या, कीं गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची आठवण करीत क्षणभर बसावें अशी जागा कोठेंहि नाहीं; स्मारक नाहीं, भिंत नाहीं, रस्त्याकडेचें साधें बांकहि नाहीं; आणि अशी जागा नाहीं म्हणूनच हें पुस्तक व्हावें लागलें. पुढें २००८ सालीं त्यांच्या नांवाच्या संस्थेनें दक्षिण कॅरोलिनांतील सलिव्हन बेटावर, जेथें आफ्रिकेंतून आणलेले असंख्य गुलाम उतरविले गेले तेथें, खरोखरच एक बांक ठेवलें. अशा कादंबरीपुढें वाचकाची जागा त्या बांकावर आहे, न्यायासनावर नव्हे. तेथें बसून योग्यायोग्याचा विचार खुशाल करावा. मात्र तो करतांना, त्या आईपुढें याखेरीज दुसरा मार्ग न ठेवणाऱ्या कायद्यास, आणि तो कायदा निमूटपणें चालूं देणाऱ्या आमच्यासारख्याच सुशिक्षित गृहस्थांस, आधीं जाब विचारावा.