मध्यरात्रीचे गीत
वचन : प्रेषितांची कृत्ये १६:२५



फिलिप्पै नगरात पौल व सीला यांना फटके मारून आतल्या बंदिखान्यात टाकिले होते. पाय खोड्यात अडकविलेले, पाठीवरील जखमा ताज्या, आणि रात्र मध्यावर आलेली. अशा वेळी मनुष्य कण्हतो, नाही तर अधिकाऱ्यांच्या नावाने बोटे मोडतो. त्या दोघांनी मात्र प्रार्थना केली व देवाची स्तोत्रे गाइली. लूक येथे आणखी एक लहानशी गोष्ट नमूद करितो, ती आपण वाचताना सहज ओलांडून जातो: इतर बंदिवान ऐकत होते. भूमिकंप झाला तो मागाहून. दारे उघडली तीही मागाहून. गायन झाले ते दारे बंद असतानाच. सुटकेनंतर आभार मानून गाणे चांगलेच. परंतु सुटकेपूर्वी विश्वासाने गाणे हे ख्रिस्ती मंडळीचे खास धन होय.

हे धन मंडळीला तिच्या धन्यापासूनच मिळाले आहे. शेवटच्या भोजनानंतर प्रभू व त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मार्क सांगतो (१४:२६). वधस्तंभ पुढे दिसत असता प्रभूने शिष्यांबरोबर गाइले. आणि त्या शिष्यांत थोड्याच वेळाने त्याला नाकारणारा पेत्रही होता.

मंडळीचे गायन मंडळीच्या भाषेत असावे, हे मार्टिन लूथरने ओळखिले. इ. स. १५२४ मध्ये जर्मन भाषेत अवघ्या आठ गीतांचे एक लहानसे पुस्तक निघाले. त्यांपैकी चार गीते लूथरची होती. आपल्या महाराष्ट्रातही आरंभीची पुष्कळ गीते इंग्रजीवरून उतरविलेली व इंग्रजी चालींची होती. ती आदरास पात्र आहेत. तथापि जात्यावर बसलेल्या माउलीच्या जिभेवर ती सहज रुळत ना. कृष्णराव सांगळे यांनी व त्यांच्यामागून रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी या देशाच्या चालींवर पदे रचिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईस झाला व १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. पण त्यांचे अभंग आपल्या उपासनेत अजून जिवंत आहेत. ज्या अभंगाने व ओवीने आपल्या पूर्वजांची अंतःकरणे हेलावली, त्याच अभंगात व ओवीत त्यांनी ख्रिस्ताला आळविले. म्हणून ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही शुभवर्तमान मुखोद्गत झाले.

याचे मोल मला पाठशाळेत कळले नाही. एका खेड्यात कळले. तेथील एका वृद्ध विधवेचा कर्ता मुलगा वारला. रात्री मंडळी घरी जमली. मी पुस्तक उघडून गीत सांगितले. म्हातारी भिंतीला टेकून मुकाट बसली होती. दुसरे कडवे चालू असता अकस्मात दिवे गेले. ज्यांच्या हाती पुस्तके होती ते सर्व थांबले. सर्वांच्या आधी मी थांबलो. क्षणभर अंधार व स्तब्धता. मग त्या कोपऱ्यातून, जिला एक अक्षर वाचता येत नव्हते तिच्या मुखातून, तिसरे कडवे निघाले. आवाज कापत होता, पण शब्द चुकला नाही. आम्ही तिच्या मागून गाऊ लागलो. सांत्वन करावयास आम्ही गेलो होतो, आणि सांत्वन आमचेच झाले.

अंगणाबाहेर एक शेजारी उभा होता. शेताच्या बांधावरून तंटा झाल्यामुळे त्याने चार वर्षे त्या घराचा उंबरा ओलांडिला नव्हता. अंधारात त्यानेही सूर धरिला. तंटा त्याच रात्री मिटला असे मी म्हणत नाही. त्यास पुढे दोन महिने व पंचांच्या तीन बैठकी लागल्या. परंतु दुसऱ्या दिवशी खांदा द्यावयास तो आला.

प्रियहो, येथे एक इशाराही ऐका. आमोस संदेष्ट्याच्या द्वारे देव म्हणतो की, तुमच्या गाण्यांचा गलबला मला नको. न्याय पाण्यासारखा वाहू द्या (५:२३, २४). रविवारी एका पुस्तकातून गावे आणि सोमवारी विहिरीवर एकमेकांकडे पाठ फिरवावी, असे गायन देवाच्या कानी पोहोचेल काय? ज्याच्यासह आपण गातो त्याच्याशी वैर ठेविले, तर आपलेच गीत आपणाविरुद्ध साक्ष देईल.

शिक्षक व प्रचारक बंधूंना माझी विनंती ही की, गायन चौघा सुरेल गळ्यांच्या स्वाधीन करू नका. पेटी गायनाची दासी असावी, धनीण नव्हे. सूर इतका चढा धरू नका की म्हाताऱ्यांनी व मुलांनी गप्प बसावे. दर महिन्यास एक गीत अर्थासह सर्वांकडून पाठ करून घ्या. आणि घरोघरी सायंकाळच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते की नाही, याची विचारपूस करा. नवी गीते अवश्य शिकवा. पण आजीचे गीत नातवाला ठाऊक नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. दुःखाच्या रात्री दोघांनी मिळून काय गावे?

कारण प्रत्येकाच्या आयुष्यात दिवे जाण्याची घटका येणार. तेव्हा पुस्तक हाती असून दिसणार नाही. जे अंतःकरणात साठविले असेल तेच मुखी येईल. आणि शोकाने आपला कंठ दाटला, तर आपल्या वाट्याचे कडवे मंडळी गाईल. आपण गात असता अंधारात कोणी बंदिवान ऐकत असेल, याचा विसर न पडो. ज्याने स्तोत्र गाऊन वधस्तंभाची वाट धरिली, तो प्रभू आपल्या मुखात आपले गीत ठेवो. आमेन.