हजारातले चौघे

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनी अडवून बसलेली गुठळी औषधाने विरघळवता येते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. स्ट्रेप्टोकोकस जंतूंपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजचा गुण विल्यम टिलेट यांना १९३३ साली अमेरिकेत उमगला. पण त्याने जीव वाचतात हे १९८६ साली इटलीतल्या सुमारे बारा हजार रुग्णांवरील चाचणीने दाखवून दिले. पुढे १९९४ साली नऊ मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. पहिल्या सहा तासांत औषध दिले तर हजारी सुमारे ३० जीव अधिक वाचतात. मात्र तेच औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकत असल्याने हजारी सुमारे ४ जणांना अधिक पक्षाघात होतो.

व्यापाऱ्याच्या वहीत हा सौदा तत्काळ पटेल. आम्हाला अडचण दिसते ती निराळीच. पक्षाघात झालेला मनुष्य डोळ्यांसमोर असतो. वाचलेले तीस कोण, हे मात्र खुद्द त्यांनाही सांगता येत नाही, कारण औषधावाचून जगणारेही पुष्कळ असतात. उपकार अदृश्य आणि अपकार दृश्य, अशा कृतीचा निवाडा करावा कसा?

आमच्या थोरल्या बंधूंना इंदुरात मध्यरात्री रुग्णालयात नेले. तासा-दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य असेल तर आज तीच पसंत केली जाते. त्या रात्री तशी सोय नव्हती. संमतिपत्र पुढे आले. वहिनींनी विचारले, "त्या चौघांत हेच निघाले तर?" डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "सांगता येत नाही." पुण्याच्या मुलाला दूरध्वनी लागेपर्यंत वीस मिनिटे गेली.

सही न करणे म्हणजे काहीच न करणे, असे आपण समजतो. ते खरे नव्हे; त्या वीस मिनिटांत हृदयाचे स्नायू मरतच होते. तरीही वहिनींना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. डॉक्टरांपुढे हजार होते, त्यांच्यापुढे एकच. आमच्या मते अशा वेळी हजारांचाच हिशेब मानला पाहिजे, आणि एकट्याच्या भीतीलाही उत्तर दिले पाहिजे; पण घड्याळ दोन्हींना सवड देत नाही.

दादा वाचले. हृदय मात्र अधू राहिले. वहिनी अजून विचारतात, "सही लगेच केली असती तर इतके अधू राहिले नसते ना?" तपासणीला गेल्यावर हाच प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाही केला. ते थोडा वेळ कागद चाळत राहिले.